बैठकीत ऐकलेला फॉक्सट्रॉट

अमेरिकेत, तुमच्या शॉमबर्गच्या लायब्ररीत मी एकदा भाषण केलं होतं हे तुम्हा दोघांना माहीत आहे. ते अर्धवट राहिलं हेही माहीत असणार, कारण तुमचे आजोबा ती हकिकत फोनवर ज्याला त्याला ऐकवतात आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घालतात. परवा तर त्यांनी मला नऊवारी नेसवली. त्या दिवशी मी फिक्या निळ्या रंगाची साधी पाचवारी नेसले होते. तेव्हा मूळ प्रत तुमच्याकडे असलेली बरी, म्हणून लिहायला बसले आहे. तुमची आई वाचून दाखवील. अडेल तिथे तिने इंग्रजीत सांगितलं तरी चालेल. मी जन्मभर तेच शिकवलं.

ही २००५च्या उन्हाळ्यातली गोष्ट. ताई, तू चार वर्षांची होतीस आणि तुझा भाऊ नुकता रांगायला लागला होता. आम्ही दोघं पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर तुमच्याकडे आलो होतो. पुण्यात मी निवृत्त मुख्याध्यापिका. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे मला ‘बाई’ म्हणत, आणि रस्त्यात पन्नाशीचे टक्कल पडलेले विद्यार्थी वाकून नमस्कार करत. या गोष्टीची माणसाला सवय लागते. शॉमबर्गला उतरल्यावर मात्र मी कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू आणि तुमची आजी एवढीच उरले. एके दिवशी तुम्हाला घेऊन मी बागेत बसले होते. एक तरुण बाई आपल्या बाळाची गाडी ढकलत आली, थोडा वेळ माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली आणि मग अगदी अदबीने म्हणाली, “तुम्ही मुलांना फार छान सांभाळता. आणखी एका मुलाला तुमच्याकडे जागा आहे का?”

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुमचे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आजोबा म्हणाले, “अगं, विचारून तर बघायचंस. मीही हाताखाली आलो असतो.”

मी हसले नाही. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की परत जाण्यापूर्वी या गावात निदान एकदा तरी माझ्या स्वतःच्या हुशारीवर चार लोकांनी मला ओळखलं पाहिजे. मुलं सांभाळणारी म्हणून नाही. बाई म्हणून.

तुम्हाला गोष्टी ऐकायला मी ज्या लायब्ररीत नेत असे, तिथे दर गुरुवारी दुपारी निवृत्त लोकांचा एक कार्यक्रम व्हायचा. कुणीतरी एकाने आपल्या आवडीच्या विषयावर तासभर बोलायचं, मग कॉफी आणि बिस्किटं. आदल्या महिन्यात एका गृहस्थांनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर स्लाइड्स दाखवल्या होत्या. मी म्हटलं, गुडघ्याला जर व्यासपीठ मिळतं तर मला का नाही? तो कार्यक्रम लाल काड्यांचा चष्मा लावणारी एक उंच बाई सांभाळायची. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

ती खूश झाली. “इंडियावर बोलाल? मसाले? साड्या? की ठरवून केलेली लग्नं? त्याबद्दल लोक नेहमी विचारतात.”

“मी एका ब्रिटिश डान्स बँडच्या प्रमुखाबद्दल बोलेन,” मी म्हटलं. “रेडिओच्या भरभराटीच्या काळातली त्याची कारकीर्द.”

तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मी होते तिथेच, साडी नेसून उभी होते. “हाऊ इंटरेस्टिंग,” ती म्हणाली. आवडलं तरी आणि काही कळलं नाही तरी अमेरिकन माणूस हेच म्हणतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी जेवताना मी जाहीर केलं. तुमच्या आईने भाताचा डाव तसाच वर धरला. “आई, सिरियसली? त्यापेक्षा योगा घ्या ना. लोक तुटून पडतील.”

“हिला?” आजोबा म्हणाले. “हिला शवासनाला दोन उशा लागतात.”

“आई, पण तुला डान्समधलं काय येतं?” तुमच्या बाबांनी विचारलं.

“डान्समधलं कशाला यायला हवं? मी संगीतावर बोलणार आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा यातच आहे.

आता हा बँडवाला माझ्या आयुष्यात कुठून आला ते सांगते. माझं लहानपण मिरजेला गेलं. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचं गाव. तिथे ज्याला त्याला गाण्यातलं कळतं, आणि कळत नसलं तरी मान कशी हलवायची ते कळतं. माझे वडील कचेरीत कारकून होते, पण इंग्रजीचे भक्त. एक गोरा डॉक्टर गाव सोडून जाताना आपला जुना रेडिओ वडिलांना देऊन गेला. छपरावर तार ताणली की त्यावर लंडन लागायचं. आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, हा बँड लागायचा.

मिरजेच्या माणसाला संगीत ऐकण्याची एकच रीत ठाऊक. बैठक. वडील सतरंजी अंथरायचे, कोट घालायचे, वरपर्यंत बटणं लावायचे आणि रेडिओसमोर मांडी घालून बसायचे. आई म्हणायची, “घरात कोट कशाला?” तर ते म्हणायचे, “तो तिकडे कोट घालून वाजवतोय आणि मी बनियनवर ऐकू?” आम्ही भावंडं मागे, हाताची घडी घालून. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकला आला तर परसात जाऊन यायचं. वडील मांडीवर हाताने ताल धरायचे. फॉक्सट्रॉट हा त्यांचा चार मात्रांचा नाच, वॉल्ट्झ तीन मात्रांचा; पहिल्याला तीनताल बरोबर बसतो, दुसऱ्याला दादरा. टाळीला टाळी द्यायचे, खालीला तळहात उलटा करायचे, आणि सगळी वाद्यं मिळून समेवर आली की डोळे मिटून म्हणायचे, “वा!” लंडनच्या हॉटेलातल्या त्या बँडवाल्याला अशी दाद साऱ्या साम्राज्यात आणखी कुठून मिळाली असेल असं मला वाटत नाही.

तो आवाज दूरवरून यायचा, त्यामुळे मध्येच मोठा व्हायचा, मध्येच बारीक व्हायचा. लाट आल्यासारखा. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की ती त्याच्या बँडची खास शैली आहे.

लायब्ररीतल्या बाईने माझ्यासाठी दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं मागवली आणि एक सीडीही. सीडी लावली तर तिच्यात खरखर नाही, लाट नाही, सगळं स्वच्छ धुऊन इस्त्री केल्यासारखं. हा माणूस तो नव्हेच असं मला वाटलं. मी आजोबांना आवाजाचं बटण हळूहळू वरखाली करायला लावलं तेव्हा कुठे माझी ओळख पटली. बटण फिरवता फिरवता ते म्हणाले, “हे भाषणाच्या दिवशीही करायचं आहे का? नाही, म्हणजे मनगटाची तयारी ठेवतो.”

मी कार्डं केली. एका कार्डावर एक मुद्दा, उजव्या कोपऱ्यात क्रमांक, महत्त्वाचं ते लाल शाईने. जन्म, बालपण, मूकपटाच्या थेटरात पडद्यासमोर बसून व्हायोलिन वाजवणं, बोलपट आल्यावर ती नोकरी जाणं, लंडनच्या मोठ्या हॉटेलात पहिला बँड, रेडिओशी करार, वैभव, महायुद्ध, उतरती कळा, अखेर. समारोप वेगळा. मध्ये मध्ये सीडीवरचे नमुने. सीडी आजोबांकडे. त्यांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत इंजिनियर म्हणून गेली, तोंडी हुकूम ते मानत नाहीत, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. मी एक बोट वर केलं की सुरू, मूठ वळली की बंद. तुमच्या घराच्या तळघरात आम्ही तालीम केली. ताई, तू पायरीवर बसून माझी मूठ वळली की स्वतःचं तोंड घट्ट मिटून घ्यायचीस.

लायब्ररीच्या दारावर कागद लागला. त्यावर विषय होता आणि खाली माझं नाव. बागेत जाताना मी तुमची गाडी मुद्दाम त्या दारावरून न्यायला लागले. बाग उलट्या दिशेला होती.

गुरुवार आला. तुमच्या बाबांना ऑफिस होतं. तुमची आई दुपारची सुट्टी काढून तुम्हा दोघांना घेऊन मागच्या रांगेत बसली. माझ्यापुढे बरीच म्हातारी मंडळी जमली होती. वृद्धांच्या निवासातून एक छोटी बस भरून आली होती. एक फार उंच गृहस्थ होते, त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं. जांभळ्या ट्रॅकसूटमधल्या एक बाई होत्या, त्यांच्या वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू बसवलेले होते. फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. ही युक्ती आजोबांना फार आवडली.

आपल्याकडे व्याख्यान म्हणजे आधी पाहुण्यांचा परिचय, मग स्वागत, मग अध्यक्षांचे दोन शब्द आणि शेवटी आभार. मी माझा परिचय टाइप करून आणला होता. लाल चष्म्याच्या बाईने तो पाहिलाच नाही. “शी इज गोइंग टु बी वंडरफुल,” असं एक वाक्य म्हणून ती बाजूला झाली. परिचय माझ्या हातातच राहिला. आभार मानायला कुणीच नव्हतं. मी तिच्यासाठी गुलाबाचं फूल आणि नारळ आणला होता, तेवढा तरी द्यावा म्हणून दिला. तिने नारळ दोन्ही हातांत धरला, जरा हलवून पाहिला आणि माझ्याच टेबलावर ठेवला. तुमची आई कपाळावर हात ठेवून बसलेली मला दिसली. मग मी वाचायचा चष्मा लावला आणि मला कार्डांपलीकडचं काही दिसेनासं झालं.

सुरुवात छान झाली. मूकपटाच्या थेटरात पडद्यावरचा घोडा धावायला लागला की हा पोरगा व्हायोलिन कसं भरभर वाजवायचा, आणि घोडा आधीच थांबला की त्याची कशी फजिती व्हायची, ते मी सांगितलं. लोक हसले. मी बोट वर केलं, फॉक्सट्रॉट वाजला, मूठ वळली, थांबला. शांतता. मिरजेची बैठक, अगदी तशीच. पुढे हॉटेलचं वैभव सांगितलं. छताच्या झुंबराला मायक्रोफोन टांगून बँड रेडिओवर कसा पोचवला जाई. नंतर स्टुडिओत बघायला एकही माणूस नसताना हा गृहस्थ सगळ्या वादकांना पांढरा टाय आणि शेपटीचा कोट घालायला कसा लावत असे. “कोटाशिवाय सूर बसत नाही,” असं त्याचं म्हणणं असावं असं मी म्हटलं. खरं तर ते माझ्या वडिलांचं म्हणणं होतं.

मग मी परत बोट वर केलं. हा वॉल्ट्झ होता. तो वाजता वाजता मी पुढचं कार्ड काढलं, आणि मला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

पुण्यात व्याख्यान चालू असताना खुर्च्या सरकल्या की त्याचा एकच अर्थ असतो. लोक उठून चालले. मी शेकडो व्याख्यानं ऐकली आहेत, त्यातल्या काहींतून उठून गेलेही आहे. वक्त्याने अशा वेळी काय करावं? मी तेच केलं. मूठ वळली आणि कार्डं भराभर वाचायला लागले. संगीत थांबलं नाही. मी मूठ आणखी वर केली. आणखी खुर्च्या सरकल्या. मी आवाज चढवला. प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो आवाज. रेडिओवरची त्याची लोकप्रियता मी वॉल्ट्झवर ओरडून सांगत होते, मूठ हवेत होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की बाई क्रांतीची हाक देताहेत.

शेवटी मी चष्मा काढला.

कुणीही गेलेलं नव्हतं. ते नाचत होते.

सगळे नाहीत. पण खुर्च्या भिंतीकडे सारून निम्मी मंडळी उभी होती, दोघं दोघं. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून जागच्या जागी डुलत होत्या. उंच गृहस्थ जांभळ्या ट्रॅकसूटच्या बाईंना धरून इतके हळू फिरत होते की फिरताहेत हे कळायला थोडं थांबावं लागे. त्यांचा वॉकर भिंतीपाशी एकटाच उभा होता, चेंडू लावून, नाटकात चुकून राहिलेल्या खुर्चीसारखा.

खरं सांगते, मला आनंद वगैरे झाला नाही. मला राग आला. बैठकीत गवई आलापी करतोय आणि समोर कुणी उठून जोर-बैठका काढायला लागला, तर कसं वाटेल? तसं. वडिलांसमोर आम्ही खोकायचंही नाही अशी ज्याची इज्जत, त्याच्या संगीतावर हे लोक चक्क पाय हलवत होते! मी आजोबांकडे वळले. त्यांचा हात यंत्रावर होता, बोट बटणावर होतं, आणि डोळे उंच गृहस्थांच्या पायांवर खिळलेले. आमच्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. ठरवून दिलेली खूण त्यांनी कधी चुकवली नव्हती.

“अहो!” मी म्हटलं. “मूठ!”

“दिसली.”

“मग बंद करा ना!”

“स्लॅब ओतताना मध्ये थांबत नाहीत,” आजोबा म्हणाले. “तडा जातो. आत्ता बंद केलं तर त्या बाई पडतील.”

ट्रॅकसूटच्या बाईंना आमची मराठी कळली नाही, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. उंच गृहस्थांच्या खांद्यावरून त्या मला म्हणाल्या, “हनी, हा आमच्याकडचा बँड नाही. पण पायांना ते कळत नाही. तुम्ही नाचत नाही का?”

“नाही,” मी जरा ताठ्यानेच म्हटलं. “मी ऐकते.”

“डान्स बँड? बसून?”

“मांडी घालून.”

त्यावर जो हशा पिकला, त्यात वाईट काही नव्हतं. पण साठ वर्षं मी ज्याची जाणकार म्हणवत होते, त्या माणसाने ते सगळं कशासाठी वाजवलं होतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. वडिलांनाही पडला नव्हता. आम्ही जिलबी समोर ठेवून तिच्या वेटोळ्यांचा अभ्यास करत बसलो होतो.

लाल चष्म्याची बाई माझ्याजवळ आली. “आपल्याकडे अजून अर्धा तास आहे,” ती हळूच म्हणाली. “संगीत थांबवून तुम्ही पुढे बोलू शकता. तुम्ही म्हणाल तसं.”

तिने मनापासून विचारलं होतं, म्हणून जास्त अवघड झालं. माझ्या हातात अर्ध्याहून अधिक कार्डं होती. वैभव अजून पुरं व्हायचं होतं, महायुद्ध व्हायचं होतं. समारोप तर मी पाठ केला होता. दारावर माझं नाव होतं. तो तास माझा होता आणि तसा दुसरा या देशात मला मिळणार नव्हता. मी ‘कृपया बसून घ्या’ म्हटलं असतं तर ती मंडळी बसलीही असती. भारी समजूतदार लोक. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात वॉल्ट्झचा शेवट जवळ आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप टेबलावर दादरा धरायला लागला होता. बँड समेवर आला. आणि त्याच क्षणी, त्याच मात्रेवर, त्या सगळ्या म्हाताऱ्यांची पावलं एकदम टेकली. बुटांचा, चपलांचा, मिळून एकच आवाज झाला. सम मी आजवर कानाने ऐकली होती. फरशीतून पायाला लागलेली ती पहिलीच.

“वा!” मी म्हणाले. मोठ्याने. मायक्रोफोनमध्ये.

मग मी कार्डं टेबलावर ठेवली, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर नारळ ठेवला आणि आजोबांकडे बघून एक बोट वर केलं.

उरलेला अर्धा तास मी टेबलापाशी उभी राहून ताल धरला. कानात यंत्रं असलेले उंच गृहस्थ दर गाण्यानंतर येऊन विचारायचे की मध्येच मी तळहात उलटा का करते. मी त्यांना तालातली खाली समजावून सांगितली. पुढच्या फॉक्सट्रॉटला त्यांनी नाचता नाचता खाली आल्याबरोबर हात उलटा केला आणि बाईंचा तोल जाता जाता राहिला. तुमची आई तुझ्या भावाला कडेवर घेऊन डुलत होती. ताई, तू वॉकर ढकलत साऱ्या खोलीभर फिरत होतीस.

घरी जाताना गाडीत मीच म्हटलं, “भाषण फसलं.”

“आई, फसलं काय?” तुमची आई म्हणाली. “लोक नाचले! माझ्या प्रेझेंटेशनला लोक झोपतात.”

“पण मी कोण ते कुणाला कळलं? परिचय तसाच पर्समध्ये आहे.”

“नारळ राहिला,” आजोबा म्हणाले. “मी परत आणायला हवा होता. चांगला पाण्याचा होता.”

त्यानंतरच्या शनिवारी आपण सगळे दुकानात दूध आणायला गेलो होतो. गर्दीतून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, “बँड लेडी! अहो, बँड लेडी!” मी मागे वळून पाहिलं नाही. आपल्याला इथे कोण हाक मारणार? तुमच्या आईने माझा दंड धरला. “आई, तुम्हालाच.” जांभळ्या ट्रॅकसूटच्या बाई वॉकर ढकलत येत होत्या आणि अख्खी रांग त्यांच्यासाठी थांबली होती. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. पण येत्या गुरुवारी मी येणार ना, हे त्यांना तिथल्या तिथे कळायला हवं होतं.

त्यांच्या मागोमाग लाल चष्म्याच्या बाईचा फोनही आला. मंडळींनी फार आग्रह धरला आहे, दर गुरुवारी संगीत घेऊन याल का? आणि मग जरा अडखळत: “कार्डं आणलीच पाहिजेत असं नाही.” पण मी मुख्याध्यापिका आहे. मी तडजोड केली. पहिलं गाणं लावण्याआधी एक कार्ड. फक्त एक. ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घ्यायचं, आणि ते घेतही. आम्ही पुण्याला परतेपर्यंत रेडिओवरचं त्याचं वैभव पुरं झालं होतं आणि महायुद्ध नुकतं सुरू झालं होतं. शॉमबर्गच्या मंडळींना पुढचं अजून ठाऊक नाही. तुम्हाला सांगून ठेवते.

युद्धात त्याचे वादक एकेक करून सैन्यात गेले. उरलेल्यांना घेऊन तो रेडिओवर वाजवत राहिला, आणि आमच्या घरी जो लाटांवरून यायचा तो हाच तुटका बँड होता, हे मला पुस्तकं वाचल्यावर कळलं. युद्ध संपलं. लोकांना एकटा गाणारा गायक हवासा झाला, मागचा बँड नकोसा झाला. रेडिओने करार वाढवला नाही. समुद्रकाठच्या एका गावात तो वाद्यं दुरुस्त करायचं छोटं दुकान चालवायला लागला, आणि म्हणे शेवटपर्यंत दुकानात पांढरा टाय लावून बसायचा. एका पुस्तकात त्याचा हॉटेलातला फोटो आहे. तोंड वादकांकडे, पाठ नाचणाऱ्यांकडे. बँडप्रमुखाला तसंच उभं राहावं लागतं. जन्मभर त्याने लोकांना नाचवलं आणि ते त्याला बघायला मिळालं असेल ते मधून मधून मान वळवून. मला निदान चष्मा काढता आला.

नारळाचं सांगायचं राहिलं. तो लायब्ररीच्या काउंटरवर कितीतरी दिवस होता. तुमचे बाबा पुस्तकं परत करायला गेले की बघून यायचे आणि आम्हाला पुण्याला फोनवर त्याची खुशाली कळवायचे.

आणि आता तुझ्या एका प्रश्नाचं राहिलेलं उत्तर, ताई. परत येण्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही दोघं झोपला होतात. आजोबांनी सीडी लावली, बाहेरच्या खोलीतला टीपॉय उचलून भिंतीशी ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ये. बघू तरी काय आहे ते.” मी म्हटलं, “वेडेपणा आहे.” ते म्हणाले, “खिडकीचा पडदा ओढलाय.” मग मी दादरा म्हणत होते, “धा धी ना, धा ती ना, अहो डावा, डावा!” आणि ते स्वतःच्या पायांकडे बघत मोजमाप घेतल्यासारखे पावलं टाकत होते. तू केव्हा उठून जिन्यावर येऊन बसलीस ते आम्हाला कळलं नाही. तू विचारलंस, “आजी, आर यू टू फायटिंग?”

मी म्हटलं, “नाही गं. आजोबा चुकताहेत, म्हणून नुसतं सांगतेय.”

“दॅट्स फायटिंग,” तू म्हणालीस, आणि परत झोपायला गेलीस.

तो वॉल्ट्झ होता.